कान्बारांच्या पिशवीवरचा लाल कागद

त्सुनेओ कान्बारांनी मनापासून जीव लावला तो एका कॅल्क्युलेटरला. बायकोलाही लावला असेल, पण तसं कधी कुणाला दिसलं नाही. नारा शहराजवळच्या कारखान्यात ते कॅल्क्युलेटर तपासायचे. निवृत्त होताना स्वतः तपासलेला हा जाडजूड ठोकळा त्यांनी मागून घरी आणला. सातची कळ झिजली तेव्हा दुसऱ्या कॅल्क्युलेटरची काढून बसवली. रोज संध्याकाळी तो फडक्याने पुसायचा, एखादा गुणाकार करायचा, आणि उत्तर बरोबर आलं की नातवाने न चुकता पाढा म्हटल्यासारखं खूश व्हायचं.

बाकी जगाशी त्यांचा एकच संबंध उरला होता, तो गल्लीतल्या कचऱ्याचा. पिशव्या पारदर्शक, वर घराचं नाव. जिच्यात वर्गवारीची चूक सापडेल तिच्यावर लाल कागद चिकटवून ती तिथेच ठेवायची, म्हणजे येणारे-जाणारे दिवसभर नाव वाचत, आणि संध्याकाळी घरच्यांनी ती परत न्यायची. तपासायचं हे काम खरं तर आळीपाळीने एकेका घराकडे यायचं. कान्बारांनी ते हौसेने स्वतःकडे घेतलं होतं. समोरच्या इनुईबाईंचा जुना रेडिओ त्यांच्या मुलाने कचऱ्यात टाकून दिला, तेव्हा ती म्हातारी तो उचलायला धावत आली होती. कान्बारांनी तिला तो परत ठेवायला लावला. "एकदा इथे ठेवलं की ते आपलं राहत नाही," म्हणाले. दह्याची वाटी न धुता टाकली म्हणून स्वतःच्या सुनेची, मिसुझुची, पिशवीही त्यांनी चारचौघांत उघडून दाखवली. मिसुझुने मान खाली घातली आणि "चुकलं, बाबा" एवढंच म्हणाली.

मग यंत्रांच्या कचऱ्याचा दिवस आला. पिशव्या चाळताना त्यांचा हात एकदम थबकला. ठसठशीत अक्षरांत "कान्बारा", आणि आत एकटा त्यांचाच कॅल्क्युलेटर. सेल तसेच आत.

सेल काढल्याशिवाय यंत्र टाकायचं नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिसुझुला तर त्यांनी स्वतःच शिकवलं होतं. लाल कागद लावला की पिशवी इथे राहणार आणि कॅल्क्युलेटर अगदी नियमाने घरी येणार. फक्त घराचं नाव दिवसभर त्या कागदाखाली लटकणार.

समोर इनुईबाई अंगण झाडत होत्या. त्या शांतपणे आल्या, खांबाला अडकवलेल्या गठ्ठ्यातून एक लाल कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"लावा ना, कान्बारासाहेब. तुमचं तरी परत मिळेल."

त्यांना तो कॅल्क्युलेटर हवा होता.  तरी त्यांनी त्याचं मागचं झाकण उघडलं, सेल काढून खिशात टाकले आणि पिशवी घट्ट बांधली. इनुईबाई कचऱ्याची गाडी येऊन जाईपर्यंत कागद हातात धरून उभ्या राहिल्या.

घरी मिसुझुने भात आणि सूप वाढलं.

"आज कुणाची पिशवी राहिली का हो, बाबा?"

"कुणाचीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि लोणच्याची बशी त्यांच्याकडे सरकवली.