शारवचं हाड

जिग्जिदची उभी हयात गोबीच्या वाळवंटात हाडं शोधणाऱ्यांची जीप हाकण्यात गेली. हाडं म्हणजे साधीसुधी नव्हेत, राक्षसी सरड्यांची, दगड झालेली. माणूस मोठा तोंडाळ. इंजिन बंद पडलं तरी याचं तोंड चालू. दोघं कायम त्याच्यासोबत असत, हाडं हुडकणारा शारव आणि छावणीत सगळ्यांना रांधून घालणारी डुलमा. काम संपवून साहेब लोक शहराकडे परतले, की हे तिघं आपल्या हौसेनं नव्या जागा धुंडाळायला निघत.

अशाच एका फेरीत शारव एकटा लाल कड्यांकडे गेला आणि संध्याकाळी धुळीनं माखून परतला. अख्खी कवटी सापडली होती, दातांसकट. खुणेसाठी त्यानं तिथं गुडघाभर दगड रचले होते आणि तळाशी आपल्या थर्मासचं निळं झाकण ठेवलं होतं. पण परतताना वादळानं गाठलं आणि दिशा चुकली ती चुकलीच. पुढच्या वर्षी साहेबांना घेऊन गेले, तर कवटी नाही की खूण नाही. साहेब म्हणाले, उन्हात माणसाला काहीही दिसतं. जिग्जिदला तेवढंच निमित्त पुरलं.

"काय रे शारव, हाडाला पाय फुटले वाटतं?"

सगळी छावणी हसली. शारवही हसला, पण त्या दिवशी जेवला नाही. पुढं जाईल तिथं हाच टोमणा त्याच्या आधी पोचलेला असायचा. गेल्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्यानं गेला, तोही थापाड्या म्हणूनच.

तेव्हापासून जिग्जिदच्या जिवाला चैन नव्हतं. त्याची घटकाभराची गंमत मित्राला जन्मभर पुरली होती. आता कवटी सापडली तरच शारवचा शब्द खरा ठरणार होता. उन्हाळा लागताच दुखरे गुडघे घेऊन त्यानं जीप काढली.

"चल म्हातारे, एकदा शेवटचं बघून येऊ."

"म्हातारी तुझी जीप," डुलमा म्हणाली आणि वाळवलेल्या दह्याच्या वड्यांची पिशवी घेऊन शेजारी बसली.

वाटेत नेहमीचा ओवो लागला. दगडांचा पुरुषभर ढीग, वर फडफडणारी निळी वस्त्रं. उंटवाले, मेंढपाळ, जो येईल तो तीन प्रदक्षिणा घालतो, एक दगड वाहतो आणि पुढं जातो. बाबा, तू कधीपासूनचा, असं ओवोला कुणी विचारत नाही. कवटी हरवल्यापासून तिच्या शोधाला निघताना हे तिघंही दरसाल इथं थांबत. सगळ्यांत मोठा दगड शारवचा असायचा. "देवा, माझी जागा दाखव," म्हणायचा.

यंदा पावसाच्या लोंढ्यानं ढिगाची एक बाजू पोखरली होती. जिग्जिद सवयीनं दगड उचलून प्रदक्षिणेला लागला आणि दुसऱ्या फेरीत थबकला. तळाच्या दगडांखाली काहीतरी निळं होतं. ते कापड नव्हतं.

"डुलमे, इकडं ये जरा."

थर्मासचं झाकण. आणि त्याच्या शेजारी, मातीतून वर आलेली दातांची ओळ.

दोघांना एकदमच उमगलं. शारवची खूण पाहून कुणा उंटवाल्यानं श्रद्धेनं वर एक दगड ठेवला असणार. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. वर्षभरात त्याचा ओवो झाला, आणि मग हे तिघंही त्याच्यावर दगड वाहत राहिले, त्याखालचंच हाड शोधत. खुद्द शारवसुद्धा.

"काढायचे का दगड?" डुलमानं विचारलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं.

"वाहिलेला दगड कुणी काढतं का, वेडे?"

जिग्जिद तिथंच बसला आणि लहान मुलासारखा रडला. डुलमानं त्याला रडू दिलं. मग उठून त्यानं उरलेली प्रदक्षिणा पुरी केली आणि हातातला दगड तसाच घेऊन जीपमध्ये येऊन बसला.

"अरे, दगड वाहायचा राहिला ना."

"नको," जिग्जिद म्हणाला. "आणखी किती ओझं घालू त्याच्यावर?"