काटेवाल्यांची आपत्तीची खोली

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे काटेवाले म्हणत. बेकरीचा काटा असो, भंगारवाल्याचा असो की दवाखान्यातला, रुसला की त्यांच्याच दुकानात यायचा. एवढीशी जागा, एक टेबल, एक दिवा आणि पितळी वजनांची पेटी. त्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण बोटांच्या घामाने वजन वाढतं म्हणे. माणूस सज्जन, पण दिसेल ती गोष्ट हातात तोलून बघायची भारी खोड. मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यात सांगितलं, दोन किलो नऊशे. यांनी बाळ हातात घेतलं आणि म्हणाले, "चाळीस ग्रॅम चुकतंय." नर्सशी हुज्जत घातली, काटा उघडायला लावला, आणि नशीब बघा, आतली स्प्रिंग खरोखरच ढिली निघाली. त्या दिवशी स्वतःच्या हातावर त्यांचा जो विश्वास बसला तो पुढे कशानेही ढळला नाही. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला असं त्यांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं.

आपत्तीचा किडा त्यांच्या डोक्यात सोडला तो कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने. अर्धी दाढी झाली असताना सोडला, म्हणजे उठून पळायचीही सोय नाही. वस्तरा हवेत धरून तो म्हणाला, "पैसा एक दिवस नुसता कागद होणार बघा. मग ज्याच्या घरात वस्तू, तो राजा. साबण द्या, अंडी घ्या. मीठ द्या, पाव घ्या." एवढं बोलून त्याने दुसरा गाल केला आणि विषय विसरूनही गेला. स्वतः त्याने पुढे एक कंगवासुद्धा जास्तीचा आणला नाही. काटेवाले मात्र घरी आले ते राजा व्हायच्या तयारीनेच.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. दीड वर्षात ती गच्च भरली. बंद पडणाऱ्या एका दुकानातून गुलाबाच्या वासाचे चारशे साबण आले. मग काड्यापेट्या, मेणबत्त्या, सुया, बटणं, दोन पोती मीठ आणि सगळ्यात मोलाचा माल म्हणून बारा किलो चहा पावडर. माल लावतानाही आपली विद्या त्यांनी खोलीवर चालवली. जमिनीवर भार दोन्हीकडे सारखा पडला पाहिजे, म्हणून डाव्या भिंतीला साबण आणि उजव्या भिंतीला मीठ. मीठ जड भरलं. मग डावं पारडं खाली यावं म्हणून चहाचे खोके साबणांवर रचले. खोली समतोल झाली. खोलीला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली, आणि दारावर स्वतःच्या अक्षरात दरपत्रक चिकटवलं. एका साबणाला चार काड्यापेट्या, दोन काड्यापेट्यांना एक मेणबत्ती, आणि पाव किलो चहा पावडरीला काय वाटेल ते.

बायकोने दीड वर्ष सगळ्याकडे काणाडोळा केला. नवऱ्याला दारू नाही, जुगार नाही. साबण आणतो तर आणू दे, असं ती शेजारच्या शिवणवालीला सांगायची. पण एका सोमवारी मुलीचा फोन आला. ती आणि जावई ज्या शर्टांच्या कारखान्यात कामाला होते, तो बंद पडला होता. जावई दुसऱ्या शहरात काम शोधायला निघाला होता. तोवर ती माहेरी येऊन राहणार होती, पुढच्या रविवारी.

"खोली रिकामी करा," बायको म्हणाली.

"कुठली?"

"घरात खोल्या किती आहेत? तिची."

काटेवाल्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "ती बाहेरच्या खोलीत झोपेल. अगं, हे सगळं मी तिच्यासाठीच तर जमवलंय! आपत्ती आली की कळेल."

"आली की तिच्यावर!"

"ती वैयक्तिक आपत्ती. मी म्हणतोय ती सार्वजनिक."

यावर बायकोने हातातली पळी खाली ठेवली. ती चिडली की भांडी आपटायची. पळी अशी हळूच ठेवली म्हणजे प्रकरण गंभीर. काटेवाल्यांना ते कळलं, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उलट त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की आजपासून रविवारपर्यंत या घरात आपत्तीची रंगीत तालीम. पैसा बंद. घरात जे काही लागेल ते वस्तूच्या बदल्यात. आठवडाभर साठा पुरला, तर खोली त्यांची आणि पुन्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही. साठा संपला, तर खोली मुलीची.

"आणि माझ्याकडे बदल्यात द्यायला काय आहे म्हणता?" बायकोने विचारलं.

काटेवाल्यांना तिची खरंच दया आली. "तसं काही नाही तुझ्याकडे. पण मी सांभाळून घेईन."

"बरं," ती म्हणाली आणि पळी उचलून स्वयंपाकघरात गेली.

मंगळवारी सकाळी चहा आला नाही. तालीमच ती, काटेवाले हसले, कुलूप उघडलं, स्वतःच्या साठ्यातली मूठभर पावडर आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा गॅसपाशी उभे राहिले. चहा उकळला तसा वर फेस आला. फेस काही केल्या खाली बसेना. तरी त्यांनी कप भरला, मोठा घोट घेतला आणि डोळे पांढरे केले. दीड वर्ष साबणांच्या डोक्यावर बसून चहाने साबणाचा सगळा वास पिऊन घेतला होता. ज्या माणसाने चाळीस ग्रॅम पकडले त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण वास काही काट्यावर येत नाही.

बायको शेजारी उभी राहून स्वतःचा चहा फुंकून पीत होती. "माझ्या डब्यातला आहे," ती म्हणाली. "एका कपाला तीन साबण."

"तीन? दरपत्रक वाचलंस का?"

"ते तुमच्या चहाचं. माझ्या चहाला चहाचा वास येतो. त्याचे जास्तीचे."

तीन साबण गेले. जेवणाला सहा साबण आणि किलोभर मीठ गेलं, आणि हा दर रोज दुप्पट होत गेला. सदऱ्याला बटण लावायचं तर पंचवीस बटणं. "पंचवीस बटणं देऊन एक बटण?" काटेवाले ओरडले. ती म्हणाली, "बटण तुमचंच आहे, हात माझा आहे." बुधवारी चष्मा हरवला. तो रोजच हरवायचा आणि ती रोजच शोधून द्यायची. आता त्याचा दर निघाला, पाच साबण. चष्मा त्यांच्याच डोक्यावर होता. तरीही पाच साबण, कारण कुठे आहे हे सांगणं हेही कामच, असं तिने ठणकावून सांगितलं. गुरुवारी काटेवाले तिला अर्थव्यवस्था समजावू लागले. तिने शांतपणे विचारलं, "ऐकून घ्यायचं? अर्ध्या तासाला दोन डझन काड्यापेट्या." त्यांनी मागचापुढचा विचार न करता दीड तास घेतला.

आणि गंमत अशी, की गृहस्थ खूश होते! आपला माल आपल्याच घरात इथून तिथे जातोय, पण पैशाशिवाय घर चालतंय, म्हणजे सलूनवाला खरं बोलला, असा त्यांनी हिशेब मांडला. दुकानात काटे तपासताना येईल त्याला सांगायचे, "चार दिवस झाले, खिशात हात घातलेला नाही." घातला असता तर स्वस्तात पडलं असतं. आपल्या मालाचं बायको पुढे काय करते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

ती काय करत होती हे गल्लीला ठाऊक होतं. मिठाचं एक पोतं बेकरीत गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात आठवड्याचा पाव ठरला होता. सुया आणि बटणं शिवणवालीकडे गेली. तिने त्यावर पडदे आणि एक गादी कबूल केली. सलूनवाल्याला तर साबण रोजच लागतो. त्याने दीडशे साबण घेतले आणि माळ्यावरची लोखंडी खाट आणि भिंतीवरचा एक आरसा काढून दिला. खाट त्याने सलूनबाहेर चादर टाकून उभी करून ठेवली. काटेवाले रोज तिच्यासमोरून जात. शुक्रवारी ते घरी येऊन कुजबुजले, "सलूनवाला घरातलं सामान बाहेर काढतोय. सुरू झालं बहुतेक." गल्लीभर गुलाबाचा वास सुटला होता. तोही त्यांना शुभचिन्ह वाटला.

शनिवारी साठा आटोपला. साबण गेले, मीठ गेलं, सुया गेल्या. शेवटच्या मेणबत्त्या एका उकडलेल्या बटाट्यावर उडाल्या. खोलीत राहिले ते चहाचे खोके. त्यांना कुणी हात लावेना. शिवणवालीने एकदा वास घेऊन बघितला आणि केस धुवायला चालेल का, असं विचारलं. पण काटेवाल्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि बायकोसमोर उभे राहून म्हणाले, "बारा किलो शिल्लक आहे. आठवडाभर साठा पुरला. खोली माझी."

"मूठभर कमी," ती म्हणाली.

"अकरा किलो नऊशे पन्नास. तरी शिल्लकच."

तिने हातातली पळी हळूच खाली ठेवली. कपाळावर हात मारला असता, दोन शब्द सुनावले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या जवळजवळ रिकाम्या, कुलूपबंद खोलीचे मालक होऊन ते दिवसभर घरात हिंडले, आणि त्या जिंकण्याची चव त्यांना मंगळवारच्या चहासारखीच लागत होती.

रविवारी सकाळी त्यांनी नवा सदरा घातला, भांग पाडला आणि दारात उभे राहिले. "किती वाजता येते तिची गाडी?"

"ठाऊक आहे मला," बायको म्हणाली. "काय देता?"

काटेवाल्यांनी खिसे चाचपले. काहीच नव्हतं. "चहा देतो. खोकंभर."

"नको."

"सगळा."

"अहो, तो फुकट दिला तरी नको. दुसरं काही असेल तर बोला."

बाहेर कुठेतरी एका गाडीचा भोंगा वाजला. ही त्यांची पोर, कारखाना बंद पडलेली, नवरा दूर गेलेला, स्टँडवर एकटी उतरणार. बाप कुठे आहे, तर खोक्यांना कुलूप लावून उभा. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि बायकोच्या हातावर ठेवली. हातात तोलून बघायचंही सुचलं नाही.

"अकराला," ती म्हणाली. मग दारातून बाहेर डोकावून मोठ्याने ओरडली, "आणा हो!"

आणि सलूनवाला खाट घेऊन आत शिरला, मागून शिवणवाली गादी डोक्यावर घेऊन. एका तासात खोली लागली. खाट, गादी, पडदे, आरसा. खाटेवर गुलाबाचा एक साबण, नवा कोरा, टॉवेलावर ठेवलेला. काटेवाले दारात उभे राहून बघतच राहिले. मग त्यांनी दारावरचं दरपत्रक काढलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या खाटेच्या एका पायाखाली सरकवलं. खाट बरोबर समतोल झाली.

स्टँडवर मुलगी हसत उतरली. फोनवर हसायची तशीच, नुसती तोंडाने. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि न विचारता त्यांच्या हाताने सांगून टाकलं, साडेअकरा किलो. नऊ वर्षांचा संसार, साडेअकरा किलो. चाळीस ग्रॅमची, चारशे ग्रॅमची, कसलीही चूक निघावी असं त्यांना फार वाटलं. घरापर्यंत त्यांनी तीनदा हात बदलला, पण आकडा बदलला नाही.

घरी आल्यावर बायको चहा टाकायला उठली. "थांब," ते म्हणाले. "मी टाकतो. माझा."

"अहो, तो..."

"ठाऊक आहे मला. पण माझ्याकडे द्यायला तेवढंच उरलंय."

तिने वाट सोडली. काटेवाल्यांनी चहा उकळला, फेस चमच्याने जमेल तेवढा काढला, आणि कप दोन्ही हातांनी धरून मुलीच्या खोलीत नेला. ती खाटेवर बसली होती. तिने घोट घेतला. चेहरा जागच्या जागी थिजला. वरच्या ओठावर पांढऱ्या फेसाची मिशी. तिने कपात बघितलं, बापाकडे बघितलं, परत कपात बघितलं.

"बाबा, हा प्यायचा की अंगाला लावायचा?"

आणि ती हसली. पोट धरून, खाट करकरेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मध्येच ते हसण्याचं पाणी राहिलं नाही, मग पुन्हा हसण्याचंच झालं. दारात उभी आई पदर तोंडाला लावून हसत होती. काटेवाले मात्र कपाळाला आठ्या घालून नुसते बघत होते. मग त्यांनाही राहवलं नाही.

डोळे पुसून तिने कप पुढे केला. "आणखी अर्धा द्या."

बदल्यात काय देशील, हे आठवड्याच्या सवयीने त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि कप काठोकाठ भरून आणला.