पणजोबा कुठल्या गावचे

भाऊकीनं वंशावळ छापायची ठरवलं आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून निवृत्त झालेला माणूस लोकांना रिकामाच दिसतो. मी चिडलो, चार शब्द बोललो, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. माझं हे असंच आहे.

जन्ममृत्यूची जुनी बुकं तहसील कचेरीत असतात आणि ती मोडी लिपीत आहेत. मला मोडीचं अक्षर कळत नाही. म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतले मोडी जाणणारे एक गृहस्थ बरोबर घेतले. पणजोबांचे तिघे धाकटे भाऊ आमच्या गावच्या बुकात पटापट सापडले. पणजोबांचा मात्र पत्ता नाही. घरातले थोरले ते, ज्यांच्यामुळं आम्ही, तेच नेमके जन्माला आलेले नाहीत! आम्ही पानं मागं चाळली, पुढं चाळली, अख्खा उन्हाळा त्यात गेला. कारकून मला बघितल्यावर चहाला निघून जायला लागला.

घरात तेव्हा वेगळाच घोर होता. आमची लेक नवऱ्यापासून रीतसर वेगळी झालेली. पाच वर्षांच्या पोरीला घेऊन आमच्याकडं राहायची. तिला एक स्थळ आलं होतं, नृसिंहवाडीच्या अलीकडचं. मुलगा शेती आणि म्हशी बघणारा, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. माणूस कमी बोलणारा आणि सरळ. मला आवडला. त्याच्या आईनं मात्र उठता उठता सांगितलं, "लेक द्या, सोन्यासारखी ठिवतो. पर नात तेवढी तुमच्यातच ऱ्हाऊ दे."

मी लगेच "राहील की" म्हणून गेलो. नातीवर माझा जीव आहे. सकाळी ती माझ्या बशीतल्या चहात खारी बुडवून खाते. ती माझ्यापाशी राहणार असेल तर मला वाईट कसं वाटेल? पण पाहुणे गेल्यावर लेकीनं स्वयंपाकघरातून सुनावलं, "पोरीला सोडून मी कुठंच जाणार न्हाय. स्थळाला न्हाय म्हणून कळवा." बायको तिच्या बाजूनं. त्यानंतर आमच्या घरात कामापुरतंच बोलणं उरलं. मी पाहुण्यांना होही कळवलं नाही आणि नाहीही.

अशातच एक दिवस मी कचेरीतून वैतागून आलो. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पर तुमी बापाच्या गावात कशाला हुडकायलायसा? थोरला म्हंजे पहिलं बाळंतपण. ते माहेरात हुतंय की. तुमी तरी कुठं जन्मलाय? मामाच्यात."

वंशावळ म्हटलं की आम्हा पुरुषांना बापाचंच गाव आठवतं. पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि मला सुचलं नव्हतं.

पणजोबांच्या आईचं माहेर आम्हाला माहीत होतं. दक्षिणेला, कानडी मुलखाला लागून. भाऊकीत लग्न निघालं की त्या घरी पत्रिका अजून जाते. मी आधी तिथं जाऊन आलो. घरातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की त्या पिढीत त्यांच्या घराला एकच लेक होती. मग त्या गावची बुकं काढली आणि तासाभरात नोंद हाताला लागली. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी वाचलं, थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अमक्याची लेक बाळंत झाली, मुलगा झाला. आई तीच. पण बाप दुसरा. गाव दुसरं, आडनाव दुसरं.

"घाई करू नका," ते म्हणाले. "कुणाकुणाला विचारा आधी."

मी कचेरीबाहेरच्या टपरीवर बसलो. जे आडनाव मी सहासष्ट वर्षं छाती काढून सांगत आलो, ते आपलं नव्हेच की काय? गावच्या देवळात पहिल्या पंगतीला बसायचा मान, भाऊकीतलं वजन, सगळं उसनं वाटायला लागलं. घरी कुणाला काही बोललो नाही.

विचारायचं तर एकच माणूस होता, आमचा हेळवी. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे लोक. सुगी झाली की सीमेपलीकडून येतात. पूर्वी बैलावर यायचे, आमचा मोटारसायकलवर येतो. तो येणार कळल्यावर मी गावाकडच्या घरी जाऊन बसलो. त्यानं घराच्या पुढच्या सोप्यात बसून पिढ्या म्हणायला सुरुवात केली. पणजोबांपाशी आला तेव्हा मी त्याला अडवलं आणि बुकातली नोंद सांगितली.

तो जरासुद्धा दचकला नाही. "व्हय. बाईचा पहिला नवरा साथीत गेल्ता. मग तुमच्या घरात पाट लागला. बाई आली ती पोरगं हाताला धरून."

"म्हणजे आमचं रक्त..."

"रक्ताचं मला काय ठावं, अण्णा? नाव चढवायचं तर घरच्या कर्त्यानं आमास्नी जोंधळं द्याचं, ही रीत. तुमच्या कर्त्यानं ह्या पोराच्या नावानं जोंधळं दिलं. सोताचं एक बी पोरगं झालं नव्हतं तवर. थोरला म्हणून चढवा, म्हणाला. मग आमच्या पणज्यानं चढवलं."

जोंधळं देणाऱ्या त्या कर्त्याला मी पाहिलेलं नाही. आता तर त्याचा नि माझा रक्ताचाही संबंध उरला नव्हता. तरी त्या सोप्यात बसून मला त्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी कुणाचा वाटला नव्हता. घरी येऊन बायकोला आणि लेकीला सगळं सांगितलं. त्या रात्री मला लेकीनंच वाढलं.

पुढच्या आठवड्यात मी आणि बायको नृसिंहवाडीकडच्या त्या घरी गेलो. मुलाची आई गोठ्याच्या दारात भेटली. मी म्हणालो, येणार तर दोघी येतील.

तिनं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. "पावणं, मी काय वाईट बाई न्हाय," ती म्हणाली. "माझ्या जावंनं सवतीची पोरगी संभाळली. लई जीव लावला हुता. पर सोताची झाल्यावर पहिल्यांदा त्या पोरीच्या ताटातलं तूप गेलं. मी डोळ्यानं बघितलंय. तुमच्यातच बरी म्हणून बोललो."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तरी कुठं होतं? तिच्याविषयीचा माझ्या मनातला राग तिथंच उतरला. मग मी तिला पणजोबांची हकिगत सांगितली, पोरगं हाताला धरून आलेल्या बाईपासून जोंधळ्यापर्यंत. मुलगा दावणीपाशी उभा राहून ऐकत होता.

"फुडं त्या माणसाला सोताची झाली का?" तिनं विचारलं.

"तीन मुलगे झाले."

"आणि जमिनीचं?"

"चार वाटे केले, सारखे. थोरला म्हणून विहिरीकडचा पणजोबांना दिला. आजही तो आमच्याच घराकडं आहे."

तिनं उठून म्हशीपुढं वैरण टाकली. मग माझ्याकडं न बघता माझ्या बायकोला विचारलं, "पोरगी दूध पिती का?"

"पिती," बायको म्हणाली, "पर साय आली की थुकती."

"थुकू दे की. मी गाळून देत जाईन."

परतीच्या एसटीत बायको फोनवर लेकीशी हसून बोलत होती. मी खिडकीकडं तोंड फिरवून रडत होतो, कारण आता नात जाणार होती.