स्टंप मॅम

आमच्या मॅम कॉलेजात स्वतःची एकही वस्तू ठेवत नसत. स्टाफरूममध्ये कुणाचा कप खिळ्याला टांगलेला, कुणाची शाल खुर्चीवर, कुणाचं मनी प्लांट खिडकीत. मॅम मात्र चहाचा स्टीलचा पेला पिशवीतून आणत आणि चहा झाला की विसळून पुन्हा पिशवीत टाकत. दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोनं येताना ती फुगलेली पिशवी त्यांच्या मांडीवर असे. नकाशे, शाल, डबा, खडूसुद्धा त्यातच. मी एकदा म्हटलं, "मॅम, एखादं कपाट मागून घ्या ना." त्या म्हणाल्या, "अगं, कपाट रिकामं करायला वेळ लागतो. पिशवी उचलली की झालं."

त्या ॲडहॉक होत्या. साताऱ्याहून दिल्लीला भूगोल शिकायला येईपर्यंत मला हा शब्दच ठाऊक नव्हता. काही महिन्यांची नेमणूक, मग नवं पत्र, आणि ते हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. अशी कित्येक वर्षं त्यांनी काढली होती. प्रत्येक सत्राच्या शेवटच्या तासाला त्या म्हणत, "पुढच्या टर्मला नकाशांचे प्रोजेक्शन घेऊ. मी असले तर." ते 'मी असले तर' मला ऐकवत नसे. शेवटी मी धीर करून म्हटलं, "मॅम, असं अभद्र बोलू नका हो." त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "अच्छा, मग काय म्हणू?"

वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मॅम दिल्लीतल्याच पहाडगंजात वाढलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी बिनदिक्कत येऊन बसायची. कडुनिंबाला त्या 'नीम' म्हणत, आणि सावलीत बसायला बोलावताना 'चल, नीमखाली'. मी आगाऊपणानं दर वेळी दुरुस्त करायचे, "कडुनिंबाखाली, मॅम." त्या मान डोलवत, "बिल्कुल, कडुनिंब," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नीम.

घरून बाबांचा फोन आला की एकच प्रश्न असायचा, भूगोल करून पुढं काय? त्यांचं चुकत नव्हतं. मलाही रात्री झोप लागत नसे. एकदा हे मी मॅमपुढे ओतलं. वाटलं, त्या चार नोकऱ्यांची नावं तरी सांगतील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझे पप्पापण हेच विचारायचे. पुढे काय, हे मला आजवर फक्त होकायंत्रानं सांगितलंय." माझी काळजी तसूभरही कमी झाली नाही, पण तिला सोबत मिळाली.

त्यांचं 'स्टंप मॅम' हे नाव पडलं ते सर्वेक्षणामुळे. मैदानाच्या कोपऱ्यात, त्याच कडुनिंबाजवळ, त्यांनी मोडक्या क्रिकेट स्टंपचा तुकडा जमिनीत ठोकला होता. तिथून होकायंत्र आणि टेप घेऊन निघायचं, कॅन्टीन, सायकल स्टँड, गेट असे कोपरे घेत कोन आणि अंतरं मोजायची आणि पुन्हा स्टंपपाशी यायचं. पायांनी माणूस बरोबर येतो. पण तेच कागदावर काढलं की शेवटची रेषा स्टंपच्या अलीकडे नाहीतर पलीकडे संपते. मध्ये जी फट राहते ती क्लोजिंग एरर. "ती असणारच," मॅम म्हणत. "थोडी असेल तर सगळ्या कोपऱ्यांत वाटून टाकायची, एकाच्या डोक्यावर मारायची नाही. जास्त असेल तर मात्र परत मैदानात."

लोखंड जवळ आलं की होकायंत्राची सुई भरकटते. म्हणून निघण्याआधी त्या ओरडत, "फोन बॅगेत!" मग फोन, किल्ल्या, केसांतल्या पिना असा सगळा ढीग झाडाखाली लागे. माझी जोडीदार सिम्मी, फरीदाबादची. पिना काढल्या की तिचा अंबाडा सुटायचा आणि दर कोनाला तिचे केस होकायंत्रावर यायचे. तिला मॅमच्या मंगळसूत्राचा हेवा वाटे. "सोन्याला सुई विचारत नाही," मॅम म्हणायच्या.

आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात कायमच्या जागांच्या मुलाखती निघाल्या. दुसऱ्या विभागांत वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं यादी लागली की दिसेनाशी होत होती. मॅमची मुलाखत झाली. निकालाची वाट पाहत त्या नेहमीसारख्या शिकवत राहिल्या, फक्त पेला पिशवीत टाकायच्या आधी दोन-दोनदा विसळू लागल्या. त्याच दिवसांत आमचं शेवटचं सर्वेक्षण होतं. "फोन बॅगेत!" त्या ओरडल्या, आणि प्रत्येक कोपऱ्यावर माझ्या खांद्याशी उभ्या राहून आकडे तपासत गेल्या.

दुपारी लॅबमध्ये रेषा काढायला घेतल्या, तर शेवटची रेषा स्टंप सोडून थेट कॅन्टीन ओलांडून गेली. हे गुण अंतिम निकालात धरले जाणार होते. सिम्मी हळूच म्हणाली, "मॅम, डिस्ट्रिब्यूट कर दें?" मॅमनी ती रेषा बोटानं शेवटपर्यंत तपासली. मग त्यांनी कुर्त्याच्या खिशात हात घालून फोन बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "मेरी गलती है, बेटा. ये सारा टाइम जेब में था. ये बँटेगी नहीं, दुबारा करना पड़ेगा."

फोनची स्क्रीन उजळली. त्यांनी वाचलं, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "यादी लागली. माझं नाव नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मॅम, पुढच्या आठवड्यात परत घेऊ ना?" आणि त्या 'मी असले तर' म्हणतील म्हणून जीव मुठीत धरून थांबले. इतकी वर्षं नको वाटणारे ते शब्द त्या क्षणी मला हवे होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही घ्या." मग पिशवी उचलली, आणि झालं.

पुढच्या आठवड्यात नवे सर आले. चांगले होते बिचारे. ते म्हणाले, गेटपासून सुरू करू, सोपं पडेल. आम्ही सगळ्या मुली कडुनिंबाशी जाऊन उभ्या राहिलो. मॅमनी कॉलेजात ठेवलेली एकच वस्तू म्हणजे तो लाकडाचा तुकडा, तो सोडून निघणं आम्हाला जमणार नव्हतं. सर हसले आणि तिथेच आले. त्या दिवशी कुणी न ओरडताच झाडाखाली ढीग लागला.

संध्याकाळी मी मॅमना फोन केला. "मॅम, सर्वेक्षण स्टंपपाशी येऊन मिळालं. थोडी फट राहिली होती, वाटून टाकली." आता त्या रडल्या तर मी काय करायचं या धास्तीनं मी फोन घट्ट धरला.

मग त्यांनी त्यांच्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "फोन कुठे ठेवले होते?"

"नीमखाली," मी म्हटलं.