खलबत्त्यामागचा आवाज

गुरुवार, २१ ऑगस्ट. संध्याकाळी मी डाळिंब्या सोलत बसले होते आणि समोर मुलगी लॅपटॉप घेऊन. ती नोकरी करते आणि उरलेल्या वेळात एका मारामारीच्या ऑनलाइन गेमसाठी अ‍ॅडऑन बनवते. म्हणजे मूळ गेमला लावायची छोटी जोड. शत्रू घाव घालायच्या क्षणभर आधी ती आवाज काढून खेळणाऱ्याला सावध करते. आवाज सगळे आमच्या स्वयंपाकघरातले. आग येणार असेल तर माझी फोडणी. कुऱ्हाड येणार असेल तर विळी. गदा येणार असेल तर लोखंडी खलबत्त्यात मी कुटलेले दाणे.

खेळणाऱ्यांचे अभिप्राय आले होते. ती मराठी करून वाचत होती.

"कुऱ्हाडीचा आवाज उशिरा येतो. तोवर मुंडकं उडालेलं असतं."

"बरोबर आहे त्याचं. मेल्यावर सूचना काय कामाची?"

"फोडणी फार घरगुती वाटते म्हणे. जळून मरताना भूक लागते."

"त्याला सांग, जेवून खेळायला बस."

"गदा मात्र सगळ्यांना आवडलीय. कवटी फुटल्यासारखी वाटते. आणि हे ऐक. 'मागे जी बाई कळवळते ती कुठून आणलीत? भाषा कळत नाही, पण अंगावर काटा येतो. तिचा आवाज वाढवा.' खाली चारपाच जण म्हणतायत, हो, वाढवाच."

"कुठली बाई?"

"मी बाई घातलेलीच नाही."

तिने मूळ रेकॉर्डिंग काढलं, हेडफोन लावले, ऐकलं आणि हेडफोन मला दिले.

खलबत्त्याच्या घणघणाटामागे एक बाई म्हणत होती, "नको, डोक्यात नको." मग माझं कुटणं थांबलं. त्यानंतरही एक ठोका होता. तो माझा नव्हता.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडते, वरच्यांचीही. आवाज ओळखायला वेळ लागला नाही. विरजण मागायला येणारी वरच्या मजल्यावरची तरुण बाई. दोनच वाक्यं बोलायची आणि जायची. नवरा घरूनच काम करतो. ती आमच्या दारात उभी असली की तो जिन्यात उभा असायचा.

"चल, त्याला ऐकवू," मुलगी म्हणाली.

"त्याला ऐकवलं तर मार तिला बसेल."

"मग पोलिसांना बोलवू."

"ते येतील. तो शेजारी उभा असताना ती म्हणेल, पडले. ते जातील आणि हा दार लावून घेईल. आधी ती एकटी हाती लागली पाहिजे."

मी हात धुतले आणि वर गेले. बेल वाजवायच्या आधीच आतून पातेलं भिंतीवर आदळल्याचं ऐकू आलं, मग अंग कपाटावर आपटल्याचं. मी बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

त्याने दार उघडलं. धाप लागलेली, तरी हसत. "काय काकू?"

ती मागे ओढणीचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. भुवईवर टेंगूळ. फरशीवर पडलेलं रक्त ती पायाने पुसत होती.

"पडली," तो म्हणाला. "चालताना लक्ष नसतं हिचं."

"असं होय. उद्या श्रावणातला शेवटचा शुक्रवार. माझ्याकडे सवाष्ण जेवायला हवी. हिला पाठवा."

"अहो, तिला बरं नाहीये."

"नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून असतं हे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा."

तो वरमला. "नाही नाही, पाठवतो. जेवायच्या वेळेला ना?"

"सकाळी आठला. हाताखाली लागेल. आणि एक, आमच्याकडे सवाष्णीच्या अंगावर ताजी जखम चालत नाही. झालं ते झालं, पण आदल्या रात्री रक्त निघता कामा नये. निघालं तर ते नवऱ्याला बाधतं."

श्रावणी शुक्रवार मुलाबाळांसाठी असतो, नवऱ्यासाठी नाही, आणि जखमेचा असा नियम तर कुठेच नाही. सासूबाई गेल्यापासून मी सवाष्ण बोलावलेलीही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग त्याचा हात नकळत गळ्यातल्या ताईताकडे गेला आणि मला कळलं, आजची रात्र निभेल.

त्या रात्री वरून काही ऐकू आलं नाही. आम्ही दोघी आळीपाळीने डक्टच्या खिडकीशी बसून होतो.

सकाळी ती आली, काठापदराची साडी नेसून, टेंगळावर पावडर लावून. पुरण कुठे शिजत नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं. मी दार लावलं, तिला चहा दिला आणि सगळं सांगितलं. अभिप्रायासकट.

"किती जणांनी ऐकलं?" तिने विचारलं.

"बऱ्याच जणांनी," मुलगी म्हणाली. "मी रात्रीच काढून टाकलाय तो आवाज. मूळ रेकॉर्डिंग तेवढं ठेवलंय."

तिने कप खाली ठेवला. "वाढवा म्हणाले?"

"हो."

"मग पोलिसांनाही ऐकू दे," ती म्हणाली. "पण माझ्या बाजूला बसा तुम्ही."

मी तिला माझ्या चपला दिल्या, कारण तिच्या वरच दाराशी राहिल्या होत्या आणि ती फक्त खाली जेवायला येणार म्हणून अनवाणीच आली होती. मागच्या फाटकातून बाहेर पडून रिक्षा केली. सूज उतरायच्या आत कागदावर यायला हवी, म्हणून तिला आधी सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून चौकीवर.