खडीच्या वाटेवरची संकष्टी

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. फ्रान्सहून परतून आठवडा झाला तरी सायकली खोक्यांतच होत्या, म्हणून आज दुपारी गॅरेजचं दार वर करून त्या बाहेर काढल्या आणि धुवायला घेतल्या. इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलची माती लाल, टायरला लागली की विटकरी डाग पडतो. या सायकलींच्या साखळ्यांत मात्र पांढरी, पिठासारखी धूळ बसली होती. जुन्या टूथब्रशनं ती काढत असताना नवरा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "उद्या सकाळी मी ट्रेलवर एकटाच जाऊन येऊ?" मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. तो आत गेला. मी घासत राहिले, पण ती धूळ जिथली होती तिथे काय घडलं ते आठवून माझं उत्तर मलाच पटेना. शेवटी हात धुतले आणि हे लिहायला बसले.

मागच्या वर्षी जानेवारीत त्याला हार्ट अटॅक आला. तो आत होता आणि मी बाहेर मशीनमधली कॉफी घेऊन बसले होते, तेव्हा माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. फॉर्म भरून झाले होते, मुलीला फोन करून झाला होता. मी देवभोळी नाही. सासूबाई हयात होत्या तेव्हा त्यांच्या उपासांना मी "पित्ताला आमंत्रण" म्हणायचे. पण त्या खुर्चीत बसून मी गणपतीला सांगितलं, याला घरी पाठव, मी संकष्टी धरीन. त्यानं पाठवला. मग मीही शब्द पाळला, मात्र कुणाला न सांगता. नवऱ्याला कळलं असतं तर आधी तो पोट धरून हसला असता आणि मग कारण विचारलं असतं, आणि ते कारण मला तोंडानं सांगायचं नव्हतं. दर संकष्टीला मी "इंडिया टीमबरोबर कॉल आहे, तू जेवून घे" म्हणायचे आणि चंद्र वर आला की एकटीच जेवायचे.

तो बरा झाला. कार्डिऑलॉजिस्टनं त्याला सायकल चालवायला केव्हाच परवानगी दिली होती. मी दिली नव्हती. खडीच्या रस्त्यांवर, जाड टायरच्या सायकलीनं फ्रान्सच्या खेड्यांतून हिंडायचं हे त्याचं जुनं स्वप्न. आजारपणात तो पलंगावर पडून तासन्‌तास तिथले नकाशे बघायचा. शेवटी मी माझ्या अटींवर कबूल झाले. मीही येणार, माझी सायकल बॅटरीची असणार, आणि तो छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधणार. त्या पट्ट्याचा आकडा मी माझ्या हँडलवरच्या छोट्या स्क्रीनशी जोडून घेतला. ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की मी "थांब" म्हणणार आणि त्यानं उतरायचं. पट्ट्याचा सिग्नल फार लांब पोचत नाही, त्यामुळे मी सतत त्याच्या मागच्या चाकाला चिकटून असायचे. आमची मुलगी इथेच आमच्या सरावाच्या वेळी हसून म्हणाली होती, "आई, यू आर टेलगेटिंग बाबा!" तो म्हणाला, "अगं, मागे लागलेले पोलीस निदान दंड करून सोडून तरी देतात."

बरगंडीतल्या त्या वाटा खरोखर सुंदर आहेत, हे मला मान्य करायलाच हवं. कालव्याच्या काठानं, द्राक्षमळ्यांच्या मधून, चुनखडीची पांढरी खडी पसरलेले गाडीरस्ते. वाऱ्याचा आणि टायरखाली खडी चुरडल्याचा आवाज, एवढंच. कुंपणापलीकडे दुधासारख्या पांढऱ्या गाई रवंथ करत आमच्याकडे बघायच्या. नवरा प्रत्येकीला "काय वहिनी, बरं आहे ना?" विचारत पुढे जायचा. मी हे सगळं बघत होते, पण तुकड्या-तुकड्यांत. रस्ता, आकडा, गाय, आकडा.

सहलीच्या मधल्याच एका दिवशी संकष्टी होती. बॅग भरताना ते लक्षात आलं, म्हणून राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले दाणे माझ्या हँडलच्या पिशवीत घालून घेतले होते. त्या दिवशी सकाळी केळं खाल्लं, दुधाची कॉफी घेतली. दुपारी एका गावात मी चर्चशेजारच्या नळावर बाटल्या भरायला गेले आणि परत आले तर नवरा ओठ पुसत म्हणाला, "ते राजगिरा लाडू तू आणलेस हे फार भारी केलंस. दाणेही संपवले बरं का, सॉरी!" गावातलं एकुलतं एक दुकान दुपारचं बंद होतं. पुढच्या गावात काहीतरी मिळेल म्हणून मी बाटल्या लावल्या आणि निघाले. पुढचं गाव डोंगरापलीकडे होतं.

चढाच्या मध्यावर, जिथे आजूबाजूला फक्त कापलेली शेतं होती, तिथे माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी सायकलसकट हळूच बाजूच्या गवतात आडवी झाले. लागलं काही नाही, पण उठता येईना. तो सायकल टाकून धावत आला. खिशातून एनर्जी जेलची पुडी काढून म्हणाला, "हे घे, गिळ पटकन."

"नको."

"नको काय? साखरच आहे ती."

"मक्याची आहे. मी लेबल वाचलंय. चालत नाही."

"कशाला चालत नाही?"

"उपासाला. आज संकष्टी आहे."

तो खरंच हसायला लागला. "तुझा? तुझा उपास? कधीपासून?"

"तू आयसीयूत होतास तेव्हापासून."

त्याचं हसू तिथेच थांबलं. जेल हातात धरून तो माझ्याजवळ खाली बसला. म्हणाला, "मोड ना आज. देव समजून घेईल." मी नाही म्हणून मान हलवली. आज वाटतं, तो शुद्ध हट्ट होता. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच हिशेब होता, की मी उपास मोडला तर देवही त्याचा शब्द मोडेल. हे असलं काही मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला चांगलं सुनावलं असतं.

फोनला रेंज नव्हती. चढाच्या टोकावर एक कौलारू घर दिसत होतं. तो उठला, बाटली माझ्या हातात दिली, मला बांधावरच्या एकुलत्या झाडाच्या सावलीला टेकवलं आणि म्हणाला, "मी वर जाऊन येतो." मी म्हटलं, "हळू जा. चालत जा. आकडा..." तो म्हणाला, "अगं, बस आता," आणि सायकलवर बसला. माझी सायकल शेजारीच पडली होती, तिचा स्क्रीन चालू होता. तो चढ चढायला लागला तसा आकडा वाढू लागला. ठरलेल्या मर्यादेपाशी आला. मी "थांब" म्हणून ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आणि मग तो लांब गेला, आकडा गेला, त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या.

त्या दोन रेघांकडे बघत मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. मी टीम चालवते. काम एकाला सोपवायचं आणि मग दर तासाला "झालं का?" विचारत बसायचं, असले मॅनेजर माझ्या डोक्यात जातात. तिथे गवतात बसून माझ्या लक्षात आलं, की गणपतीला मी "याला सांभाळ" म्हणून सांगितलं होतं, महिन्याच्या महिन्याला उपासही पोचता केला होता, पण सांभाळायचं काम एक दिवससुद्धा त्याच्या हातात दिलं नव्हतं. आता माझ्या हातात काही नव्हतंच. उठता येत नव्हतं, आकडा दिसत नव्हता, हाक पोचत नव्हती. मी मनात म्हटलं, बरं, घे बाबा. यापेक्षा सुंदर प्रार्थना मला सुचली नाही. पण त्यानंतर मी स्क्रीनवरून नजर काढली, आणि पलीकडच्या शेतातून एक मोठा ससा आरामात चालत गेला तो मला पूर्ण दिसला.

थोड्या वेळानं वरून एक जुनी पांढरी व्हॅन धूळ उडवत आली. गाडी चालवणारी बाई सत्तरीच्या पुढची, पायात रबरी बूट, आणि शेजारी माझा नवरा मांडीवर एक पातेलं धरून बसलेला. बाई उतरली, माझ्या कपाळाला हात लावला, फ्रेंचमध्ये मला काहीतरी रागावून बोलली. शब्द कळला नाही, सूर अगदी आपल्या मावशीचा होता. मग तिनं पातेल्यावरचा टॉवेल काढला. आत सालासकट उकडलेले बटाटे होते, वाफ येत होती. वर मीठ, बाजूला लोण्याचा गोळा आणि बाटलीत दूध.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी काही सांगितलं नाही. मला कुठे येतंय फ्रेंच? पोटावर हात ठेवला आणि खाली बोट दाखवलं. टेबलावर पाव होता, हॅम होतं, चीज होतं. ती तिकडे वळली, थांबली, आणि चुलीवरचं पातेलंच उचललं तिनं."

तिच्या घरी त्या दिवशी बटाटे उकडले होते, इतकंच. त्याचा मी आणखी अर्थ लावत नाही. पण उपासाच्या ताटात मी स्वतः जे वाढून घेतलं असतं तेच, अनोळखी हातांनी, शेताच्या कडेला माझ्यापुढे आलं. मी बोटं भाजून घेत ते खाल्ले. तिसऱ्या बटाट्याला डोळ्यांतून पाणी आलं. ती बाई माझी पाठ थोपटत राहिली. मग तिनं सायकलींसकट आम्हाला व्हॅननं पुढच्या गावात सोडलं. निरोप घेताना मी वाकून तिला नमस्कार केला, तर तिनं मला उभं करून दोन्ही गालांची चुंबनं घेतली आणि उरलेले बटाटे टॉवेलात बांधून दिले.

"पल्स किती गेली होती?" व्हॅन गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं.

"बघितलीच नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे जायची घाई होती."

त्या संध्याकाळी चंद्र उगवेपर्यंत तोही जेवायला थांबला. मोदक नव्हते, पेअरचं एक फळ नैवेद्याला ठेवलं.

आणि एवढं सगळं होऊन, घरी येऊन आठवडा झाल्यावर, मी आज गॅरेजमध्ये "बघू" म्हटलं. शिकलेलं अंगी लागायला वेळ लागतो, निदान मला तरी. एकदा सोपवून भागत नाही, ते रोज नव्यानं सोपवावं लागतं.

इथवर शनिवारी लिहिलं. रविवारी सकाळी मी त्याच्या आधी उठले. त्याच्या टायरमध्ये हवा भरली, माझ्या स्क्रीनवरून त्याच्या पट्ट्याची जोडणी काढून टाकली, आणि सायकल ड्राइव्हवेवर नेऊन उभी केली. तो बाहेर आला, सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जा," मी म्हटलं, "आणि पट्टा बांध, आकडा तुझा तू बघ." तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी आत आले, फोन वरच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवला, देवापुढे दिवा लावला आणि बटाटे उकडायला टाकले.