जाऊबाईंचे काळे केस
लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीचा वास आला की मला अल्लीपूरचं एक लग्न आठवतं. माझे केस पस्तिशीतच पांढरे झाले होते आणि माझ्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या जाऊबाईंचे मात्र काळेभोर, रेशमासारखे होते. मांडवात कुंकू लावणारी बाई आधी माझ्याकडेच वळली आणि म्हणाली, "थोरल्या जाऊ तुमीच ना वो?" मी हसले, पण पंगतीत पदर डोक्यावर ओढून बसले. घरी आल्यावर जाऊबाईंनी स्वतःच मेंदी भिजवली आणि माझ्या मागे बसून लावू लागल्या. "तारेसारखे झाले वं तुहे केस," त्या म्हणाल्या. सावंगीला डॉक्टरकी शिकणारी त्यांची मुलगी म्हणाली, "आई, रंग गेला की केसाचा पोतच बदलते. पांढरा केस बऱ्याचदा जाड आन् राठ होते." मी फणकारले, "बाई, तुमचं नशीब चांगलं." त्यांचा हात थांबला. "काऊन जळून राह्यली माह्यावर?" असं म्हणत त्यांनी अंबाडा सोडला, तर आतून गंगावन हातात आलं आणि खऱ्या केसांची शेपटी करंगळीएवढी उरली. "काळे हायेत, पण रोज गळतेत. तुह्या दाट केसात बोटं घातली का मलेच हेवा वाटते." मी वरवर हळहळले, मनातून मात्र त्या दिवशी पहिल्यांदा गार वाटलं. आता त्यांचेही केस पांढरे झालेत. ते पांढरे केससुद्धा मऊसूत निघाले, आणि मी पुन्हा जळते आहे.